डोंगरवाटेसाठी पहिली ई-बाईक: चढ मोटर काढेल, आधी उताराचं बघा

माझ्या पहिल्या ई-बाईकवरून मी जिथे पडलो ती जागा दिसायला साधी होती. चढावरचं एक वळण, सुटे गोटे, कडेला झुडपं. तोल सावरायला क्षणभर पाय टेकला आणि पुन्हा निघण्यासाठी पेडल दाबलं. अर्धा फेरा झाला तरी मोटर गप्प. मग एकदम जोर आला, मागचं चाक गोट्यांवर गरकन फिरलं, पुढचं उचललं आणि बाईक माझ्यासकट झुडपात गेली. तासाभराने उतरताना चौथ्या-पाचव्या वळणावर मागच्या ब्रेकचा लिव्हर थेट हँडलला टेकला. जळक्या पॅडचा वास बराच वेळ नाकातून जाईना. ती बाईक घेताना मी दोनच प्रश्न विचारले होते: मोटर किती वॉटची, आणि एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते.

त्यानंतर बऱ्याच बाईक चालवल्या, ओळखीच्या अनेकांना निवडताना सोबत केली, आणि एक मत पक्कं झालं. डोंगरासाठीची ई-बाईक उताराच्या बाजूने निवडावी. चढाचा प्रश्न आजची कुठलीही नीट बनवलेली मोटर बहुतेकांसाठी सोडवते. पण जी बाईक वर नेते तीच तुम्हाला खाली आणते, आणि तेव्हा तिचं वजन मोटर उचलत नाही. ते तुमचे हात, ब्रेक आणि टायर झेलतात. म्हणून या लेखात मोटर चौथ्या पायरीवर आली आहे. क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे, त्याच क्रमाने चला.

इथे ई-बाईक म्हणजे पेडल मारल्यावरच मोटर साथ देते अशी सायकल. पाय थांबले की मोटर थांबते. यामाहाने १९९३ साली अशी सायकल पहिल्यांदा बाजारात आणली, आणि डोंगरातल्या बहुतेक चांगल्या ई-बाईक आजही याच तत्त्वावर चालतात. अंगठ्याने किंवा मनगटाने ॲक्सिलरेटर फिरवून पळणाऱ्या गाड्या हा वेगळा प्रकार आहे. अरुंद पायवाटेवर त्या मला धोक्याच्या वाटतात.

पायरी १: आधी वाट कागदावर उतरवा

बाईक बघण्याआधी तुम्ही कुठे चालवणार ते लिहून काढा. मनातल्या स्वप्नातली वाट लिहू नका; येत्या वर्षभरात महिन्यातून दोन-तीनदा खरोखर जाल ती लिहा. एका फेरीत किलोमीटर किती, एकूण चढ किती मीटर, जमीन कशी (मुरूम, माती, मुळं, दगडांच्या पायऱ्या), आणि सगळ्यात अवघड उतार कसा आहे. चढाचे मीटर मोबाईलवरच्या अनेक नकाशा ॲपमध्ये मिळतात. हा आकडा किलोमीटरपेक्षा फार महत्त्वाचा आहे. सपाटीवरचे चाळीस किलोमीटर बॅटरी सहज काढते. हजार मीटरचा चढ असलेले पंधरा किलोमीटर तिला रिकामी करू शकतात.

त्याच कागदावर आणखी दोन नोंदी करा. पहिली, त्या वाटेवर ई-बाईकला परवानगी आहे का. अनेक जंगलवाटांवर साधी सायकल चालते, पण मोटर असलेलं वाहन चालत नाही, आणि ई-बाईक कशात मोडते याचा नियम जागोजागी वेगळा असतो. युरोपीय संघात २५० वॉट अखंड शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मदत, एवढ्या मर्यादेतली ई-बाईक सायकल मानली जाते. अमेरिकेत ताशी २० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरपर्यंत, फक्त पेडलवर साथ देणारी बाईक पहिल्या वर्गात येते, आणि डोंगरी ट्रेलवर परवानगी असली तर ती बहुधा याच वर्गाला असते. आपल्याकडचा नियम विकत घेण्याआधी बघा, नंतर नव्हे.

दुसरी नोंद, बाईक कुठे उचलावी लागेल. जिना, गाडीवरचा कॅरिअर, वाटेतलं आडवं पडलेलं झाड, कुंपण. पूर्ण ताकदीच्या डोंगरी ई-बाईकचं वजन साधारण २२ ते २६ किलो असतं. साध्या माउंटन बाईकचं १२ ते १५. हा फरक दुकानात जाणवत नाही. छातीएवढ्या कुंपणावरून एकट्याने ती पलीकडे न्यायची वेळ आली की जाणवतो.

पायरी २: ब्रेक आणि टायर

थोडा हिशोब करू. तुम्ही, बाईक आणि पाठीवरची पिशवी मिळून १०० किलो धरा. ५०० मीटर उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे १३६ वॉट-अवर (बॅटरीची क्षमता मोजतात तेच ऊर्जेचं माप) भरते. साध्या तापमानाचं जवळपास दीड लिटर पाणी तेवढ्यात उकळतं. यातला काही भाग वारा आणि टायर खातात. पण वाट तीव्र आणि वळणांची असेल तर मोठा भाग त्या दोन पातळ डिस्कमध्ये आणि बोटाएवढ्या पॅडमध्ये जातो. साध्या सायकलपेक्षा दहा-बारा किलो जास्त वजन हे एक कारण झालं. दुसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. मोटर असल्यामुळे तुम्ही एका सकाळी तोच डोंगर एकदाऐवजी तीनदा चढता, म्हणजे तीनदा उतरता. ई-बाईकचे पॅड आणि टायर लवकर झिजतात ते बरेचसे यामुळे.

म्हणून ब्रेक हायड्रॉलिकच, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारेच हवेत. तारेवर चालणारे डिस्क ब्रेक शहरात ठीक. लांब उतारावर बोटं भरून येतात आणि पॅड झिजेल तसं ते सारखे आवळावे लागतात. चार पिस्टनचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) शोधा, निदान पुढच्या चाकाला तरी. डिस्कचा व्यास पुढे २०० किंवा २०३ मिलिमीटर, मागे १८० किंवा त्याहून मोठा. पॅड दोन प्रकारचे मिळतात: रेझिनचे आणि धातूचे. रेझिनचे शांत असतात आणि लगेच पकडतात, पण तापले की ढिले पडतात. लांब उतार असेल तर धातूचे घ्या, मात्र डिस्कवर फक्त रेझिन पॅडसाठी असं लिहिलेलं नाही ना, हे तपासा. स्वस्त डिस्क धातूच्या पॅडने लवकर खराब होते.

दुकानात लिव्हर एका बोटाने ओढून बघा. एका बोटात बाईक जागच्या जागी घट्ट थांबली पाहिजे आणि लिव्हर हँडलपासून निदान बोटभर लांब राहिला पाहिजे. स्पंजसारखा दाबला जात असेल तर आत हवा आहे. ब्लीड करून, म्हणजे तेलातली हवा काढून द्यायला सांगा आणि त्यानंतरच पुढे बोला.

टायरची रुंदी २.४ ते २.६ इंच असू द्या. रुंदीइतकीच महत्त्वाची त्याची कड, म्हणजे केसिंग. नव्या बाईकवर वजन आणि खर्च वाचवायला कंपन्या अनेकदा पातळ कडेचे टायर बसवतात. ई-बाईकच्या वजनाखाली धारदार दगडावर असा टायर रिमपर्यंत दबतो आणि कडेला फाटतो. जाड कडेचे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर वेगळे घ्यावे लागले तरी घ्या. पहिल्या महिन्यात करायच्या खर्चात मी याला पहिला नंबर देतो. रिम ट्यूबलेस बसेल अशी आहे का, ते आधी विचारून घ्या.

चाकांच्या मापावर लोक तासन् तास वाद घालतात. दोन्ही २९ इंची असोत किंवा पुढे २९ आणि मागे २७.५, पहिल्या बाईकसाठी या फरकापायी झोप उडवू नका.

पायरी ३: मागे शॉक हवा की नको

ज्यात फक्त पुढे धक्के झेलणारा सस्पेंशन फोर्क असतो ती हार्डटेल, आणि मागेही शॉक असतो ती फुल सस्पेंशन. साध्या सायकलच्या बाबतीत नवशिक्यांना हार्डटेल घ्या असं सांगितलं जातं, वाट वाचायला ती शिकवते म्हणून. ई-बाईकला हा सल्ला मी सरसकट देत नाही. मोटरमुळे तुम्ही दगड-मुळांच्या चढावरही बसून, सतत पेडल मारत जाता. मागचं चाक उसळलं की टायरची पकड सुटते, मोटरचा जोर वाया जातो, आणि कंबर दुखते ते वेगळंच. मागचा शॉक चाकाला जमिनीला धरून ठेवतो, म्हणून अवघड चढावर फुल सस्पेंशन वजनदार असूनही जास्त वर नेते.

पण तुमच्या कागदावर जंगलातले कच्चे रस्ते आणि गुळगुळीत मातीच्या वाटा असतील, तर चांगल्या ब्रेकची, चांगल्या फोर्कची हार्डटेल घ्या. त्याच पैशात मिळणाऱ्या कामचलाऊ फुल सस्पेंशनपेक्षा ती केव्हाही बरी. तिच्यात सांधे आणि बेअरिंग कमी, म्हणून देखभालही कमी.

सस्पेंशन किती दबतं, त्या मापाला ट्रॅव्हल म्हणतात. पहिल्या डोंगरी ई-बाईकला १३० ते १५० मिलिमीटर पुरतं. १७०-१८० च्या बाईक फार तीव्र, खडकाळ उतारांसाठी असतात. साध्या वाटेवर त्या सुस्त वाटतात. आणि फोर्क हवेच्या स्प्रिंगचा असावा. तुमच्या वजनाप्रमाणे पंपाने दाब बदलता येणं ही चैन नव्हे, गरज आहे. लोखंडी स्प्रिंगचे स्वस्त फोर्क ई-बाईकच्या वजनाखाली डुचमळतात आणि जोरात ब्रेक लावला की तळाला जाऊन आदळतात.

पायरी ४: मोटर, आणि तिच्यापेक्षा महत्त्वाचा तिचा सेन्सर

मोटर दोन ठिकाणी बसते. एक क्रँकजवळ, म्हणजे पेडल ज्या दांडीला जोडलेलं असतं तिच्याजवळ, तिला मिड-ड्राइव्ह म्हणतात. दुसरी चाकाच्या मधोमध, तिला हब मोटर म्हणतात. डोंगरासाठी मिड-ड्राइव्ह घ्या. कारण साधं आहे. मिड-ड्राइव्हचा जोर साखळीतून गिअरवर जातो, म्हणजे तुम्ही हलका गिअर टाकला की मोटरलाही हलका गिअर मिळतो. तीव्र चढावर चाक सावकाश फिरत असलं तरी मोटर आपल्या सोयीच्या वेगाने फिरत राहते. हब मोटरला तुमच्या गिअरचा उपयोग नाही. चाकाचा वेग मंदावला की तीही मंदावते, आणि मंद गतीत वीज जोर देण्याऐवजी उष्णतेत जाते. लांब चढावर अशी मोटर तापते आणि स्वतःच्या बचावासाठी जोर कमी करते. शिवाय तिचं वजन मागच्या चाकात असतं, त्यामुळे दगडावर चाक जड आपटतं.

आता आकडे. वॉटच्या आकड्याने गोंधळ होतो, कारण २५० वॉट लिहिलेली मोटर चढावर थोडा वेळ ५०० ते ६०० वॉटही देते. २५० हा तिचा अखंड, कायदेशीर आकडा असतो. तुलना करायची तर टॉर्क बघा, म्हणजे पिळाचा जोर. तो न्यूटन-मीटरमध्ये देतात. बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स आणि शिमानोची ईपी८ या ओळखीच्या मोटरी ८५ न्यूटन-मीटरच्या म्हणून विकल्या गेल्या. टीक्यूची एचपीआर५० ही हलक्या बाईकसाठीची मोटर ५० ची. डीजेआयने २०२४ मध्ये आणलेली अविनॉक्स १०० च्याही पुढे गेली.

मोठा आकडा म्हणजे चांगली बाईक, असं मात्र समजू नका. ८५ न्यूटन-मीटरची मोटर मिनिटाला ६० पेडल-फेऱ्यांवर साधारण ५३० वॉट देऊ शकते. त्याच पिळाने ३० फेऱ्यांवर फक्त २६५. म्हणजे जड गिअर टाकून, पाय रेटत चढलात तर मोठ्या मोटरचा अर्धा जोर घरीच राहिला. मिनिटाला ७५ ते ९० फेऱ्या पाय फिरवणारा माणूस ५०-६० च्या मोटरवरही सुखाने चढतो. ज्याला घाम गाळायला आवडतं आणि बाईक अधूनमधून उचलावी लागते, त्याने १६ ते २० किलोची हलकी ई-बाईक नक्की बघावी. उतारावर ती साध्या सायकलीसारखी वळते. वजनाने भारी असणाऱ्यांनी, गुडघे दुखणाऱ्यांनी किंवा खूप तीव्र चढ असणाऱ्यांनी ८५ च्या आसपासची पूर्ण ताकदीची मोटर घ्यावी.

आता माझ्या झुडपातल्या पडण्याकडे येतो. त्या बाईकचा सेन्सर फक्त पेडल फिरतंय की नाही एवढंच ओळखायचा. पेडल ठरावीक अंतर फिरल्यावर तो मोटरला चालू म्हणायचा आणि मोटर ठरलेला जोर एकदम द्यायची. डोंगरावर हवा तो टॉर्क सेन्सर. तुम्ही पेडल किती जोराने दाबता ते तो सेकंदाला शेकडो वेळा मोजतो आणि त्या प्रमाणात मोटरला जोर मागतो. हळू दाबलं की हळू, जोरात दाबलं की जोरात. घट्ट वळणावर, ओल्या मुळावर, चढावर पुन्हा निघताना बाईक तुमच्या ताब्यात राहते ती यामुळेच. विक्रेत्याला स्पष्ट विचारा: टॉर्क सेन्सर आहे का? उत्तर टाळलं गेलं तर बाईक टाळा.

ढकलताना मदत करणारा वॉक मोड आहे का, तेही बघा. बटण दाबून धरल्यावर बाईक माणसाच्या चालीने स्वतःला वर ओढते. २४ किलोची बाईक निसरड्या चढावर ढकलायची वेळ प्रत्येकावर येते, आणि तेव्हा हे बटण हातमोजे घालून नीट दाबता यायला हवं.

पायरी ५: बॅटरीचा हिशोब स्वतः करा

जाहिरातीतली रेंज सपाट रस्त्यावरची, हलक्या माणसाची, सगळ्यात कमी मदतीच्या मोडमधली असते. तिच्यावर विसंबू नका. बॅटरीचा खरा आकडा वॉट-अवर. तो लिहिला नसेल तर व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करा: ३६ व्होल्ट गुणिले १७.५ अँपिअर-अवर म्हणजे ६३० वॉट-अवर.

१०० किलो वजन १००० मीटर उंच न्यायला निसर्गाच्या हिशोबाने २७२ वॉट-अवर लागतात. टायरचं घर्षण, खडबडीत वाट आणि मोटरची उष्णता त्यात मिळवा, तुमच्या पायांचा वाटा वजा करा. मधल्या मोडमध्ये १००० मीटरमागे ३००, आणि सगळ्यात जोराच्या मोडमध्ये ४०० किंवा थोडे जास्त, असं धरून चाला. तुमचं वजन ९० किलोच्या पुढे असेल तर त्या प्रमाणात वाढवा. एकूण क्षमतेतले २० टक्के हिशोबातच धरू नका. थंडी असते, वाट चुकते, आणि बॅटरी जुनी होते.

म्हणजे तुमची नेहमीची फेरी ८००-९०० मीटर चढाची असेल तर ५०० वॉट-अवर पुरते. १२००-१५०० मीटरची असेल तर ६००-७५०. त्याहून मोठी बॅटरी धाकापोटी घेऊ नका. ६०० च्या आसपासची बॅटरी साडेतीन किलोच्या जवळ भरते, ७५० ची चार किलोच्या पुढे. ते जादा वजन दर उताराला सोबत येतं.

बॅटरी किल्लीने काढता येते का, ते माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचं. घरात नेऊन चार्ज करता येते, गाडीवर बाईक चढवताना काढून वजन कमी करता येतं, आणि पुढे बदलायची वेळ आली की फ्रेम खोलावी लागत नाही. विमानाने बाईक नेण्याचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा, की १६० वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात घेत नाहीत. बाईक जाईल, तिची बॅटरी नाही.

सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नको. बॅटरी आणि तिची वीजयंत्रणा मान्य मानकांवर तपासलेली असावी. युरोपात ईएन १५१९४, अमेरिकेत यूएल २८४९ हे त्यातले ओळखीचे. बिननावाच्या सेलची, घरगुती जोडणीची मोठी बॅटरी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. लिथियमची आग पाण्याच्या बादलीने विझत नाही.

पायरी ६: अंगाला बसते का

माप चुकलं तर बाकी सगळं बरोबर असूनही बाईक कोपऱ्यात पडून राहते. पाय दोन्ही बाजूंना टेकून उभे राहा. वरचा दांडा आणि तुमच्यामध्ये भरपूर मोकळी जागा हवी, कारण डोंगरात पाय कधीच सपाट जमिनीवर टेकत नाही. मग पेडलवर उभे राहून, गुडघे-कोपर किंचित वाकवून बघा. हँडल खूप लांब वाटलं तर उतारावर पुढच्या चाकावर वजन देता येत नाही. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर दोन्ही चालवून बघा. तक्त्यावर विसंबून ठरवू नका.

सीट बटणाने खाली-वर होणारी, म्हणजे ड्रॉपर पोस्टवरची हवीच. चढाला सीट वर, उताराला खाली. जिच्यावर ही नाही, त्या बाईकवर ती बसवण्याचा खर्च आधीच मोजा. क्रँकची लांबीही बघा. १७५ मिलिमीटरचे क्रँक साध्या सायकलला चालतात, पण ई-बाईकवर आपण दगडांच्या चढातही सतत पेडल मारतो आणि लांब क्रँक दगडाला आपटतो. १६० ते १६५ बरे.

पायरी ७: चालवून बघताना

दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर मोटर चालू करून दोन फेऱ्या मारल्या की प्रत्येक ई-बाईक छान वाटते. अशा फेरीवर निर्णय घेऊ नका. निदान एक खराखुरा चढ आणि एक उतार मिळेल अशी व्यवस्था करा. दिवसभरासाठी भाड्याने मिळत असेल तर ते पैसे वसूल झाले म्हणून समजा.

सुरुवात मोटर बंद ठेवून करा. पाच मिनिटं नुसते पाय मारा. काही मोटरींमध्ये आतलं घर्षण पायाला जाणवतं, काहींमध्ये अजिबात नाही. बॅटरी संपली तर याच अवस्थेत घरी यायचं आहे. मग एका जागी उभी करून, मागचं चाक धरून उचलून बघा, आणि नंतर अख्खी बाईक.

आता चढ. मध्यावर मुद्दाम थांबा, एक पाय टेका, दोन्ही ब्रेक धरा. वरचा पेडल घड्याळातल्या दोनच्या काट्यावर आणा, सगळ्यात हलक्याच्या जरा अलीकडचा गिअर, मधला मोड. ब्रेक सोडत-सोडत पेडल दाबा. बाईकने तुम्हाला हात धरून उठवल्यासारखं हळूच पुढे न्यायला हवं. झटका आला, चाक जागीच फिरलं किंवा क्षणभर काहीच झालं नाही, तर मोड बदलून पुन्हा करा. तीन-चारदा करूनही तसंच होत असेल तर ही बाईक वळणांच्या वाटेची नव्हे. याच चढावर पेडल मारणं एकदम थांबवा. काही मोटरी पाय थांबल्यावरही अर्धा सेकंद ढकलत राहतात. दगडाच्या पायरीवर चढताना हे उपयोगी पडतं, घट्ट वळणावर घात करतं. आपल्याला ते झेपतं का हे पाहायचं.

चढावर गिअरही बदलून बघा. मोटरचा पूर्ण जोर साखळीवर असताना गिअर बदलला की खाडकन आवाज येतो आणि दाते झिजतात. बदलण्याच्या क्षणी पाय फिरते ठेवून दाब थोडा कमी करायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

शेवटी उतार. सीट खाली, उभे राहा, आणि मोटरकडे दुर्लक्ष करून ऐका. काही मोटरी खडबडीत उतारावर आतून खडखड वाजतात. त्याने बिघाड होतोच असं नाही, पण हा आवाज पुढची काही वर्षं तुमच्या सोबत असणार आहे, तेव्हा तो चालेल का ते आजच ठरवा. मग एका बोटाने पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत थांबा. बाईक सरळ रेषेत, न थरथरता थांबली पाहिजे. दोन वळणं सावकाश घ्या. बाईक वळायला हट्ट करते का, मध्येच उभी व्हायला बघते का? उतरून आल्यावर हात भरून आले असतील तर ब्रेक, माप किंवा सस्पेंशनचा दाब, यातलं काहीतरी चुकलं आहे. ते शोधल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायरी ८: दुरुस्ती कोण करणार

ई-बाईकची साखळी, ब्रेक, टायर कुठलाही चांगला कारागीर बघतो. मोटर आणि तिचं सॉफ्टवेअर मात्र त्या कंपनीची बिघाड शोधणारी यंत्रणा असलेलाच बघू शकतो. म्हणून जाता-येता परवडेल अशा अंतरावर त्या मोटरची दुरुस्ती होते का, आणि पाच वर्षांनी तीच बॅटरी मिळेल का, हे दोन प्रश्न तोंडी आणि लेखी दोन्ही विचारा. अनोळखी मोटर कितीही जोरदार असली तरी सुटे भाग नसतील तर एका बिघाडात सगळी बाईक बसते.

जुनी बाईक घेत असाल तर फक्त किलोमीटर पाहू नका. बॅटरी किती वेळा पूर्ण चार्ज झाली आणि आता किती क्षमता उरली, याचा अहवाल अनेक मोठ्या यंत्रणांमध्ये अधिकृत दुरुस्तीवाल्याकडून काढता येतो. क्रँक हातात धरून आडवा हलवून बघा, ढिला लागता कामा नये. आणि वेगमर्यादा काढण्यासाठी छेडछाड केलेली बाईक कितीही स्वस्त असो, घेऊ नका. वॉरंटी जाते, मोटरवर नको तेवढा ताण आलेला असतो, आणि कायद्याने ती सायकल राहत नाही.

पायरी ९: पहिले काही दिवस

नवे ब्रेक लगेच पूर्ण पकडत नाहीत. मोकळ्या उतारावर बऱ्यापैकी वेग घ्या, चाक न अडकवता जवळपास थांबेपर्यंत ब्रेक लावा, सोडा. पुढे-मागे प्रत्येकी वीस-तीस वेळा. पॅडचा थर डिस्कवर बसतो आणि पकड वाढते. नंतर लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी जोरात लावा, मग पूर्ण सोडा, म्हणजे डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो.

रोजच्या कपड्यांत, पिशवीसकट बाईकवर बसा आणि सस्पेंशन नुसत्या वजनाने किती दबतं ते बघा. मागे एकूण ट्रॅव्हलच्या २५ ते ३० टक्के, पुढे २० च्या आसपास. त्यानुसार हवा भरा. ट्यूबलेस टायरमध्ये ७०-८० किलोच्या माणसाला पुढे २२ ते २४ आणि मागे २५ ते २८ पीएसआय, इथून सुरुवात करून एक-एकने बदला. मोबाईलमध्ये आकडा लिहून ठेवा.

साखळी मोजायचं छोटं माप घ्या आणि दर दोन-तीनशे किलोमीटरला लावून बघा. बारा गिअरची साखळी ०.५ टक्के ताणली की बदला. मोटरच्या जोराखाली ती भराभर ताणते, आणि वेळेत बदलली नाही तर महागडी कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दात्यांचा संच, घेऊन जाते.

धुताना जोराच्या फवाऱ्याचा पंप वापरू नका. मोटरच्या आणि बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जातं. बादली, मऊ ब्रश, साधं पाणी. बॅटरी भिजली असेल तर पुसून, कोरडी झाल्यावरच चार्जिंगला लावा, सोबत आलेल्याच चार्जरने, तुम्ही जागे असताना. बरेच आठवडे बाईक चालवणार नसाल तर बॅटरी ३० ते ६० टक्क्यांवर, सावलीत, कोरड्या जागी ठेवा. पूर्ण भरून ठेवू नका, पूर्ण रिकामीही नको. गोठणबिंदूखालच्या थंडीत ती चार्ज करू नका. आधी घरात आणून तापमानाला येऊ द्या.

पहिली खरी फेरी ओळखीच्या वाटेवर करा, आणि वर पोचल्यावर उरलेले टक्के वहीत टिपा. सोबत चढाचे मीटर, वापरलेला मोड आणि हवा कशी होती तेही. चार-पाच नोंदी झाल्या की तुमच्या वजनाला, तुमच्या पायांना १०० मीटर चढासाठी किती टक्के लागतात हा आकडा हाती येतो. नव्या डोंगरावर जाताना तोच धरा, आणि परतीच्या वाटेतही चढ असेल तर अर्धी बॅटरी उरलेली असतानाच माघारी वळा.